हौसेरावांचा कान

"काका, काढली! अभिरामनं गोधडी काढली!"

चाहत्यांच्या ग्रुपमधल्या दिपेशचा हा निरोप फोनवर आला तेव्हा हौसेराव कळंबोलीच्या लोखंड बाजारात, कामाच्या यार्डात, बारा मिलिमीटरच्या प्लेटवर खडूने रेघ मारत उकिडवे बसले होते. मागे क्रेनने लोखंडी चॅनेलची अख्खी मोळी खाली सोडली. जमीन हादरली, चहावाल्याच्या हातातला पेला हिंदकळला. हौसेरावांची पापणीसुद्धा हलली नाही. अठ्ठावीस वर्षं ते याच आवाजात होते. मालकाने दिलेले कानातले बोळे त्यांनी पहिल्याच दिवशी ड्रॉवरमध्ये टाकून दिले होते. "कानात बोळे माणूस मेल्यावर घालत्यात," असं त्यांचं म्हणणं.

दिपेशने खाली अभिरामची पोस्ट डकवली होती. ‘उद्या रविवार, वाशी, संध्याकाळी पाच. मिठागर. हौसेरावकाकांनी सांगितलं तसा आवाज बदललाय. काका, तुमची खुर्ची साउंडच्या टेबलाशेजारी ठेवलीय.’

हौसेरावांनी ती पोस्ट तीनदा वाचली. मग अर्धी राहिलेली रेघ पूर्ण केली. ती वाकडी आली. पुसून पुन्हा मारली, तर तीही वाकडीच.

आता ही गोधडी काय भानगड आहे ते सांगायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी कळंबोलीच्या एका मंडळात गणपतीला ऑर्केस्ट्रा यायचा होता. ऑर्केस्ट्राचा टेम्पो घाटात बंद पडला आणि मंडळाने ऐन वेळी कुठूनतरी चार गिटारवाले कॉलेजकुमार आणून उभे केले. बँडचं नाव ‘डांबर’. दुसऱ्या गाण्याला बायका मुलं काखोटीला मारून घरी गेल्या, तिसऱ्याला मंडळाचा अध्यक्षच गेला. हौसेराव मात्र खांबाला टेकून शेवटपर्यंत उभे होते. घरी येऊन बायकोला म्हणाले, "पुतळे, यार्डात दिसभर ऐकतो तेच हाय, पर सुरात."

तेव्हापासून डांबरचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. पुढे बँड मोठा झाला, चाहत्यांचा ‘डांबरी माणसं’ नावाचा ग्रुप झाला. त्यात कॉम्प्युटरवाले होते, कॉलेजची मुलं होती आणि खिशाला दोन पेनं लावून, इन करून येणारे आटपाडीकडचे हौसेराव होते. सगळे त्यांना ‘कान’ म्हणत. प्लेटवर हातोडी वाजवून आत चीर आहे की नाही हे सांगणारा माणूस. गिटारच्या आवाजाबद्दल तो बोलला म्हणजे बोलला.

गेल्या वर्षी डांबरचा मुख्य गिटारवाला अभिराम याने बँड न सोडता बाजूला वेगळी चूल मांडली. तिचं नाव ‘मिठागर’. एक गिटार, एक बेस, एक ड्रम, बस. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. कुणी म्हणे, दुसऱ्या गिटारीशिवाय अभिराम म्हणजे बिनमिठाचं वरण. कुणी म्हणे, आत्ता कुठे त्याचा हात नीट ऐकू येतोय. रेकॉर्डिंग ऐकून भांडून झालं, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की खरा निकाल लाइव्हमध्ये. तो लाइव्ह दोन महिन्यांपूर्वी बेलापूरला झाला आणि त्याच रात्री हौसेरावांनी आपली दीड ओळ लिहिली: ‘मिठागरचा लाइव्ह आवाज म्हणजे गोधडीखाली वाजवलेली गिटार. धार कुठाय?’

गोधडी सुटली ती सुटलीच. ग्रुपच्या बाहेर गेली, भलत्याच ग्रुपमधून परत आली. कुणीतरी अभिरामच्या डोक्यावर गोधडी पांघरलेलं चित्र केलं. आवाज सांभाळणारी जाई नावाची मुलगी पंचविशीची, नवखी; ‘तिला काढा’ असंही लोक लिहू लागले. ते वाचून हौसेरावांना जरा वाईट वाटलं होतं, पण ‘शिकंल पोरगी’ म्हणून त्यांनी पुढचा निरोप उघडला.

ग्रुपवर उलट बोलला तो एकटा मुस्तफा. न्हावा शेवाला कंटेनरची कागदपत्रं सोडवणारा, उरणकडच्या गावचा, हौसेरावांच्याच वयाचा. बारा वर्षं दोघे एकाच स्कूटरवरून कार्यक्रमांना गेले होते. मुस्तफाने लिहिलं, ‘एवढा साफ आवाज मी जन्मात ऐकला नाय. हौसेराव, कान तपासून घे.’

कान हा शब्द त्याने काढायला नको होता. हौसेरावांनी उत्तर दिलं, ‘कागदं तपासणाऱ्यानं कागदं तपासावी.’ मुस्तफाची स्कूटर तेव्हापासून कळंबोलीला न वळता उरणहून सरळ जात होती.

रविवारी दुपारी हौसेराव आरशासमोर मिशा कातरत होते. स्वयंपाकघरातून पुतळाबाई तरातरा बाहेर आल्या.

"अवो, तीन शिट्ट्या झाल्या की ग्यास बंद करा म्हनलं हुतं न्हवं? सात झाल्या! वरान करपलं!"

"झाल्या व्हय? टीव्ही चालू हुता," हौसेराव म्हणाले. "आन हळू बोल जरा. समद्या बिल्डिंगीला ऐकू जातंय."

पन्नाशी जवळ आली तशी पुतळा तापट झाली, हे त्यांनी मजल्यावरच्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. लोक सहानुभूतीने मान हलवत.

"मी येनार हाय आज," पुतळाबाई म्हणाल्या.

"तुला काय कळनार त्यातलं?"

"तुमाला रुपाया कळतंय, तर मला चार आनं तरी कळंल. न्हाईतर बघते तरी, कोन हाय त्यो बाबा तुमचा."

सभागृह भरलं होतं. हौसेराव आत शिरले तसे दिपेशसकट दहाबारा जण उठून उभे राहिले, एकाने फोटो काढला. लग्नात मामाला मिळावा तसा मान. खुर्ची खरोखरच साउंडच्या टेबलाशेजारी होती, आणि पुतळाबाईंसाठी दुसरीही आणली गेली. सात खुर्च्या पलीकडे मुस्तफा बसला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही छत पाहण्यासारखं आहे असं ठरवलं.

अभिरामने पहिला सूर मारला आणि हौसेराव खुर्चीत ताठ झाले.

हाच तो! धार, नुसती धार. कटरने प्लेट कापताना ठिणगी उडते तसा एकेक सूर वेगळा होऊन अंगावर येत होता. कितीतरी वर्षांत त्यांनी असं ऐकलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते मिटून घेतले. आपण दीड ओळ लिहिली आणि एवढ्या मोठ्या कलावंताने ऐकली, या विचाराने तर त्यांना गहिवरून आलं. आटपाडीहून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या माणसाला आयुष्यात आणखी काय पाहिजे?

गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा हे सुख कुणाच्यातरी तोंडावर बघावं म्हणून त्यांनी डोळे उघडले.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने दोन्ही कानांवर तळवे दाबले होते. तिच्या शेजारचा उठून दाराकडे निघाला होता. दिपेशचा चेहरा दाढ उपटून घेत असल्यासारखा झाला होता, पण हौसेरावांची नजर पडताच त्याने घाईघाईने अंगठा वर केला. पुतळाबाईंनी पदर डोक्याभोवती दोनदा गुंडाळला होता. आणि मुस्तफा दोन्ही कानांत बोटं खुपसून, डोळे घट्ट मिटून, जागचा न हलता बसला होता.

हौसेरावांनी टेबलाकडे पाहिलं. जाईच्या दोन्ही कानांत टिश्यूपेपरचे बोळे होते.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण कशाबशा. हौसेराव तिच्याकडे वाकले.

"पोरी, ह्ये बोळं कशाला?"

तिने एक बोळा काढला. "दुखतंय हो काका. पण अभिरामदादा बोलला, हौसेरावकाका म्हणतात तसंच ठेव. अजून वाढवू का?"

"बेलापूरला कसा हुता आवाज? खरं सांग."

जाई जरा घुटमळली. "मला तर बरोबर वाटला होता, काका. पण तुम्ही लिहिलंत, मग सगळ्यांनीच लिहिलं. मग मला वाटलं, माझेच कान खराब असतील. डॉक्टरकडेपण जाऊन आले मी."

हौसेराव हळूच मागे टेकले. मग बायकोकडे वळले.

"पुतळे, तुला टोचतंय का?"

"दाभन घातल्यावानी," पदराच्या आतून उत्तर आलं.

"आन कुकरच्या शिट्ट्या? मला ऐकू येत न्हाईत?"

पुतळाबाईंनी पदर सोडला. "तीन वर्सं झाली की. म्हनून तर मी वरडून बोलते. तुमी समद्यास्नी सांगत सुटला, बाई तापट झाली. मी म्हनलं, म्हनू द्या. मानसाला आपल्या कानाचा एवढा अभिमान, त्येला कसं सांगायचं?"

हौसेरावांना एकदम फार लाज वाटली. गिटारची नाही, बेलापूरचीही नाही; मजल्यावरच्या त्या सगळ्या हलवलेल्या मानांची.

तेवढ्यात स्टेजवरून अभिरामचा आवाज आला. "हौसेरावकाका! आता कसंय? निघाली का गोधडी?"

सगळं सभागृह मागे वळलं. दिपेशने फोन वर धरला. आता नुसता अंगठा दाखवला असता तरी भागलं असतं. कार्यक्रम पार पडला असता, कान कानाच्या जागी राहिला असता आणि लोकांनी घरी जाऊन डोकेदुखीची गोळी घेतली असती. जाईचं पुढे काय व्हायचं ते झालं असतं. सात खुर्च्या पलीकडे मुस्तफाने कानातली बोटं काढली होती आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

हौसेराव उभे राहिले. माइक द्यायला कुणीतरी धावलं, पण यार्डात क्रेनवाल्याला हाक मारणाऱ्या माणसाला माइक लागत नाही.

"अभिराम, आवाज वाईट हाय!"

लोक हसले. अभिरामही हसला, मग थांबला.

"मला लई ग्वाड लागतोय," हौसेराव म्हणाले, "म्हंजी तुमास्नी तरास हुत असनार. बेलापूरला आवाज बराबर हुता. ह्या पोरीचं बराबर हुतं. गोधडी माझ्या कानावर हाय, बाबांनो. अठ्ठावीस वर्सं लोखंडात ग्येली, त्यात कान बी ग्येला. मला आत्ता कळतंय. मुस्तफानं सांगितलं हुतं, मी त्येला वाकडं बोललो. तवा तिला तिच्या मनानं लावू द्या. आन पोरी, तुला डाक्टरकडं जावं लागलं, माफ कर."

अभिरामने माइक जवळ ओढला, काहीतरी मोठं बोलावं असं त्याच्या मनात आलं असावं, पण तो एवढंच म्हणाला, "जाई, तुझ्या मनाने." दिपेशने फोन खाली घेतला. पुढच्या रांगेतल्या बाईने सुटकेचा असा निःश्वास टाकला की आजूबाजूचे हसले, आणि ते हसू मागेपर्यंत आलं.

जाईने दुसरा बोळाही काढून टाकला आणि टेबलावरची बटणं एकेक करून खाली आणली.

पुढचं गाणं सुरू झालं. हौसेरावांच्या दृष्टीने, मघाशी उघडलेलं दार कुणीतरी अलगद लोटून घेतलं. सूर होते, ताल होता, पण ती धार गेली होती आणि ती आता पुन्हा यायची नव्हती हे त्यांना कळत होतं. मग त्यांनी लोकांकडे पाहिलं. कानांवरचे हात खाली आले होते. दाराकडे गेलेला माणूस दारातच मान हलवत उभा होता. पुतळाबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि पायाने ठेकाही धरला. आवाज बरोबर लागला होता. हौसेरावांना तो या माणसांच्या तोंडांवर स्वच्छ दिसत होता. त्यांना हसू आलं, आणि ते खरं हसू होतं.

शेजारी खुर्ची सरकल्याची हालचाल झाली. मुस्तफा सात खुर्च्या ओलांडून येऊन बसला होता.

"कान तपास बोललो होतो ना तुला?" तो त्यांच्या कानाशी ओरडला.

"बोलला हुतास."

"वाशीला एक डॉक्टर हाय ओळखीचा. उद्या मी येतो तुझ्यासोबत."

"उद्या यार्ड हाय."

"मग परवा. आनि कागदं तपासणाऱ्यानं काय करावं म्हणालास?"

"गप की आता!" हौसेराव म्हणाले, आणि पुतळाबाईंनी दोघांनाही गप्प केलं.

शेवटच्या गाण्यात अभिराम एकटा उरला. बेस थांबला, ड्रम थांबला. अभिरामचा डावा हात गिटारच्या मानेवरून खाली सरकत गेला आणि तारेला नुसतं बोट टेकवून उचलू लागला. सगळे कान देऊन ऐकत होते. हौसेरावांना काहीच ऐकू येईना.

"वाजवतोय का नुसता हात लावतोय?" त्यांनी विचारलं.

"वाजवतोय."

"कसं?"

मुस्तफाने उत्तरादाखल आपला तळवा गुडघ्याशी धरला. तिथून तो चढत्या सुराबरोबर छातीपर्यंत नेला. तिथे जरा थांबला, आणि हळूहळू वर, डोक्याच्याही वर नेला. तिथे त्याची बोटं बारीक थरथरत राहिली. मुस्तफाने हात तसाच वर धरून ठेवला, आणि हौसेराव त्या हाताकडे बघत मान डोलावत बसले.