शाबूत टोक

बाबांच्या पेटीत अकरा चाकू, आणि अकराही मला तोंडपाठ. बाबा बुकबाइंडर. पुठ्ठे कापता कापता त्यांना घडीचे चाकू जमवायचा नाद लागला. प्रत्येक चाकू चिठ्ठीत गुंडाळलेला आणि चिठ्ठीवर त्याची हकिकत. 'हिच्या बाळंतपणात दवाखान्यासमोर घेतला.' 'मित्र गेला, त्याच्या बायकोने दिला.'

बाबा गेल्यावर महिन्याभराने धाकट्या भावाने पेटी आणून दिली. "ताई, तूच ठेव," म्हणाला. साधी पेन्सिलसुद्धा सुखासुखी न देणारा हा माणूस! माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

तो गेल्यावर पहिला चाकू उघडला. शिंगाच्या मुठीचा, बाइंडिंग शिकवणाऱ्या उस्तादांनी बाबांना दिलेला. आणि टोक शाबूत!

शक्यच नव्हतं. ते टोक मी मोडलं होतं, नऊ वर्षांची असताना, बिस्किटांच्या डब्याचं झाकण उचकटताना. गुपचूप जागेवर ठेवला, पुन्हा कधी उघडला नाही आणि आजवर ब्र काढला नाही. बाबा चिडले की कमरेचा पट्टा काढायचे.

म्हणजे खरा चाकू धाकट्याने लाटला आणि दुसरा ठेवला. परवाच वहिनी म्हणाली होती, "जुन्या वस्तूंना हल्ली काय भाव आलाय!" तळपायाची आग मस्तकात गेली. एकच भाऊ, आणि तोही चोर निघावा? चाकू चिठ्ठीसकट मुठीत घेतला आणि त्याचं घर गाठलं. आज एक तर चाकू मिळणार होता, नाहीतर भाऊ सुटणार होता.

धाकटा इलेक्ट्रिशियन. नुकताच जेवायला बसला होता.

"खरा चाकू कुठाय?"

"हाच की."

"साळसूदपणाचा आव आणू नकोस. खऱ्याचं टोक..." मी थांबले.

"टोक काय?"

वहिनी हातात डाव घेऊन उभी. आता गिळता येईना आणि थुंकता येईना.

"मोडलेलं होतं. मीच मोडलं होतं."

तो उष्ट्या हाताने उठला. कामाच्या पिशवीतून, वायर सोलायच्या पक्कडीशेजारून, एक चाकू काढून माझ्यापुढे ठेवला. शिंगाची मूठ, मोडकं टोक.

"मी पाहिलं होतं तुला," तो म्हणाला. "भंगारवाल्याकडे असाच एक होता. टॉर्च दिली आणि घेतला."

टॉर्च! नवी टॉर्च हरवली म्हणून बाबांनी त्याला फोडून काढलं होतं. मी दाराआडून बघत होते.

"अरे गाढवा, सांगायचं होतंस!"

"मग तुला पडले असते. एकाला पडले तेवढे पुरे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुठीतली चिठ्ठी घामाने ओली झाली होती, ती सरळ करायला गेले तर मागच्या बाजूलाही अक्षरं दिसली. पाठ असलेली चिठ्ठी कोण उलटून बघतं? बाबा डावखुरे, पात्याला धारही त्यांच्या हाताच्या बाजूनेच लावायचे. बदललेल्या चाकूची धार वेगळी असणार, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी वाचलं. 'हा माझा नव्हे. धार उजव्या हाताची आहे. भंगारवाल्याकडे टॉर्च दिसली तेव्हा कळलं. पोराला उगाच मारलं.'

धाकट्याने चिठ्ठी घेतली, दोनदा वाचली.

"मला कधी बोलले नाहीत," तो म्हणाला.

मी दोन्ही चाकू त्याच्यापुढे सरकवले. "घे. पेटीही आणून देते."

"चाकू राहू देत तुझ्याकडे," तो म्हणाला. "मला ही चिठ्ठी दे."