पहिली बादली

ती पाणीखात्यात मीटर वाचायची. दिवसभर लोकांच्या दारात वाकून आकडे टिपायचे आणि तलाव आणखी किती उतरला ते संध्याकाळी कचेरीतल्या फळ्यावर बघायचं. त्यामुळे घरात शॉवर जास्त वेळ चालला की तिच्या काळजाचं पाणी पाणी व्हायचं.

नवरा बेकरीत भट्टीपुढे राबायचा. दुपारी भुवयांपर्यंत पीठ माखून यायचा आणि न्हाणीत शिरला की वीस मिनिटं बाहेर यायचं नाव नाही. कॉलेजातली मुलगी त्याच्यावर कडी करायची. बोलून बोलून हिच्या तोंडाला फेस आला, तरी पालथ्या घड्यावर पाणी.

मग तिने न्हाणीत चार मिनिटांचं वाळूचं घड्याळ लावलं. मुलगी ते उलटायला विसरायची, नवरा दोनदा उलटायचा. सासऱ्यांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी जेवताना सांगितलं की वाळू सव्वातीन मिनिटांतच संपते. तिने बारीक भोकांचा, कमी पाण्याचा शॉवर आणला. त्यावर सासऱ्यांचं मत पडलं की अंगावर कुणीतरी शिंकतंय असं वाटतं.

एवढं करून महिनाअखेर घरचा मीटर वाचला, तर वापराचा आकडा जवळजवळ तिथंच. तिचं डोकंच फिरलं. सुट्टीच्या दिवशी नवरा न्हाणीत गेल्यावर ती दारावर थापा मारत सुटली. त्याने दार उघडलं. अंग कोरडं ठणठणीत.

"मी अजून अंगावर थेंब घेतलेला नाही," तो म्हणाला. "गरम पाणी यायची वाट बघतोय."

तिचा विश्वास बसेना. तिने नळ बंद केला, अर्ध्या तासाने शॉवरखाली बादली ठेवून पुन्हा सोडला. बादली काठोकाठ भरली तेव्हा कुठे पाणी कोमट झालं. माणसं चार, म्हणजे आंघोळीआधीच चार बादल्या गटारात.

पाणी तापवायची टाकी घराच्या दुसऱ्या टोकाला होती. घर बांधताना प्लंबर ती न्हाणीतच बसवत होता. ते डबडं डोळ्यांपुढे नको, म्हणून हिनेच हट्टाने लांब लावायला लावली होती.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुझ्यापुढे कुणाचं चालतं?"

हे तिला फार लागलं. गावभर लोकांना पाणी जपायला सांगत फिरणारी ती, स्वतः मात्र रोज उन्हापाण्यातून दमून आल्यावर नळ सोडून टॉवेल शोधत बसायची, तोवर पाणी गरम झालेलं असायचं. राग नक्की कुणाचा आलाय हेच तिला कळेना.

प्लंबर येऊन बघून गेला. फरशी फोडावी लागेल आणि दोन महिने तरी मला सवड नाही, असं म्हणाला. तोवर बादली शॉवरखालीच राहिली. त्या पहिल्या पाण्यात आता कपडे भिजतात, फरशी पुसली जाते. पुढच्या महिन्यात आकडा उतरला, पण तिला हवा होता तेवढा नाही.

"पाणी गरम झाल्यावरही पंधरा मिनिटं कशाला लागतात?" तिने नवऱ्याला विचारलं, या वेळी जरा सबुरीने.

"भट्टीची धग पाठीतून उतरायला तेवढा वेळ जातो."

इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तिने त्याला पंधराऐवजी दहा मिनिटांत आवरायला सांगितलं. तो बारावर आला, आणि उरलेल्या दोन मिनिटांवरून त्यांचं अजून वाजतंय.