औषधाला उपास नाही

माकुणसारच्या दमयंतीच्या तोंडाला वर्षभर लाळ म्हणून सुटत नव्हती. भाताचा घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचा आणि बोलताना जीभ टाळूला चिकटायची. पालघरच्या डॉक्टरांनी थेंबांची बाटली दिली, तशी आठवड्यातच बाई बोंबलाच्या चटणीशी भाकरी चावून खाऊ लागली. धाकटी जाऊ सुलू समोर बसून बघायची. नुसतं बघूनच तिचंही पोट भरायचं.

डॉक्टरांच्या सूचना ऐकायला सुलूच बरोबर होती. थेंब मोजून घ्यायचे. घाम फार सुटेल, म्हणून दिवसभर पाणी प्यायचं, आणि पाणी पिणार नाही त्या दिवशी थेंबही घ्यायचे नाहीत.

मग हरतालिका आली. दमयंतीचा नवरा कृष्णकांत तारापूरला वीजघराच्या बांधकामावर होता. त्याच्यासाठी ती निर्जळी उपास करी. वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. सकाळी तिने बाटली काढली, तेव्हा सुलू म्हणाली, "वयनी, आज पानी नाय ना?"

"औषधाला उपास नाय, सुलू. उपास पान्याला हाय."

आता थोरल्या जावेला कोण शिकवणार? सुलू पूजेची पत्री खुडायला निघून गेली.

दुपारी पूजेला पत्री वाहता वाहता दमयंती घामाने निथळली आणि पाटावरच कोसळली. बैलगाडीतून पालघरला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "पाणी पीत होत्या ना?"

दमयंतीने सुलूला डोळ्यांनीच, सांगू नको म्हणून खुणावलं. उपास केला म्हटल्यावर डॉक्टर चारचौघांत झापणार, याचीच तिला धास्ती.

"हो, सकाळपासून पितायत," सुलू म्हणाली.

"एवढं पाणी पिऊन ही गत? मग यांना हे औषध सोसत नाही. पुन्हा द्यायचं नाही." त्यांनी कागदावर तसंच लिहिलं. दुसरं औषध त्यांच्याकडे नव्हतं.

दमयंती वाचली, पण थेंब गेले ते गेलेच. खरं सांगायला जायचं सुलूने चारदा ठरवलं आणि चारदा लाजेने पाऊल अडलं. दिवाळीनंतर गेली, तर डॉक्टर बदलून गेलेले. नव्या डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, कागद वाचला आणि नकारार्थी मान हलवली. "आधीच्यांनी नको लिहिलंय. मी हा धोका घेणार नाही."

संध्याकाळी सुलूने ते रडत रडत सांगितलं. दमयंती भाकरी पाण्यात कुस्करत होती.

"मी नको म्हटलं, ते खरं हाय," ती म्हणाली. "पन मी आजारी व्हते, सुलू. तू तर धडधाकट व्हतीस."