कोपरा कापलेली फिल्म

सन दोन हजार चोवीस, उन्हाळा सरत आलेला. त्या दिवसांत मला पुन्हा एकदा कामाला लावलं, म्हणून बोलतोय. एरवी मी बोलणाऱ्यातला नाही.

मी एक्स-रे बघायचा दिवा. पत्र्याची पेटी, आत दोन नळ्या, पुढे दुधी काच. लिहिता-वाचता मला येत नाही. पण मोडलेलं हाड, दमलेली छाती, पोराने गिळलेलं नाणं, सगळं माझ्या तोंडावर लावूनच वाचलं जायचं. छातीच्या डॉक्टरांच्या खोलीत मी भिंतीवर होतो. मी लागलो की खोलीतली बडबड थांबायची. एवढा मान होता.

रोज सकाळी मावशी यायची. इस्पितळाची झाडलोट तिच्याकडे. फरशी झाली की शेवटी माझी काच, वेगळ्या कोरड्या फडक्याने. "काय रे, तोंड धुतलंस का?" म्हणायची. बाकीचे बघायचे ते फिल्मकडे. माझ्याकडे बघणारी ती एकटी.

मग संगणक आले. फिल्म बंद झाली. फोटो थेट पडद्यावर, आणि तिथून दुसऱ्या गावच्या मोठ्या इस्पितळात, डोळ्याचं पातं लवायच्या आत. आम्हा दिव्यांना उतरवून भंगाराच्या ढिगावर टाकलं. मावशीने मला काखोटीला मारलं. "हा मला राहू द्या. स्टोअरमध्ये अंधार असतो, फडकी सापडत नाहीत." तेव्हापासून मी झाडू-बादल्यांवर उजेड पाडतो. कमीपणा वाटला. पण भंगारवाल्याचा हातोडा चुकला, तो तिच्यामुळे. हे ऋण मी विसरलो नाही.

पुढे मावशी निवृत्त झाली. आणि त्या उन्हाळ्यात लेकीबरोबर आली ती पेशंट म्हणून. स्टोअर आणि डॉक्टरांची खोली यांच्यामध्ये फळ्यांची भिंत आहे. सगळं ऐकू येतं, फटींतून दिसतंही.

मावशीच्या छातीत डाग निघाला होता. मोठ्या इस्पितळातल्या सर्जननेही तो पडद्यावर पाहिला होता. छाती उघडून काढायचा, सोमवारी, असं ठरलेलं.

"तुमचा दम बघता धोका आहे, मावशी," नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण डाग वाढणारा असेल तर थांबणं त्याहून वाईट. संगणकात तुमची आठ वर्षांची माहिती आहे. बीपी, साखर, डोळे. छातीचा जुना फोटो एकही नाही. मग डाग नवाच धरावा लागतो."

"म्हणजे त्याच्या हिशेबी मी आठ वर्षांची?"

"आई, मस्करी नको," लेक करवादली.

"मस्करी कसली? तू लहान असताना मला खोकला लागला होता. याच खोलीत फिल्म बघितली होती. डॉक्टर म्हणाले, जुन्या दुखण्याचा वण आहे, विसरून जा. विसरले."

"हे आत्ता सांगतेस?"

"विचारलं कुणी? सगळे पडद्यालाच विचारतात."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "चुकलं. ती फिल्म आहे का घरी?"

"ट्रंकेच्या तळाशी अंथरलीय."

लेक हळूच म्हणाली, "आई, ती मी कापली होती. शाळेत असताना, ग्रहण बघायला. एक कोपरा. कुठला ते आठवत नाही."

"असेल तशी घेऊन या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुपारी लेक फिल्म घेऊन आली. डॉक्टरबाईंनी ती खिडकीला धरली. बाहेर आभाळ भरलेलं. "काही उमजत नाही. जुना दिवा उरलाय का एखादा?"

"सगळे भंगारात गेले, मॅडम," शिपाई म्हणाला.

"सगळे नाही," मावशी म्हणाली.

मला स्टोअरमधून आणून टेबलावर ठेवलं. मावशीने काच पुसली. "काय रे, तोंड धुतलंस का?" आणि बटण दाबलं. उजवी नळी लागली. डावी लुकलुकली, विझली. मी जन्मात कुणाची विनवणी केली नाही. त्या दिवशी डावीची केली.

लागली.

गेला होता तो खालचा कोपरा. छाती शाबूत होती. आणि वरच्या बाजूला, बरगडीआड, डाग. डॉक्टरबाईंनी मापलं, पडद्यावरच्याशी ताडून पाहिलं. जागा तीच. तेवढाच. लेकीने आईचा हात धरला तो सोडलाच नाही.

माझ्या उजेडावर त्यांनी फिल्मचा फोटो घेतला आणि मावशीच्या माहितीत चढवला. आता ती कुठल्याही इस्पितळात गेली तरी तो तिच्या आधी तिथे असेल. हे मला जमलं नसतं. माझी धाव एका खोलीपुरती. त्या संगणकाला मी पाण्यात पाहत होतो, ते सोडलं. पण त्याला जुनं काही ठाऊक नसतं, ते आपणच द्यावं लागतं. तेव्हा ट्रंका उघडा. जुन्या फिल्म डॉक्टरांना दाखवा. आणि ग्रहणाला कापू नका.

मोठ्या इस्पितळातून सर्जनचा फोन आला. डॉक्टरबाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "दोन्ही डाग एकच. इतक्या वर्षांत तसूभर वाढलेला नाही. सोमवारचं रद्द करा. घरी जाऊ द्या त्यांना."

मावशी उठली. कोरड्या फडक्याने माझी काच पुन्हा एकदा पुसली. बटण बंद केलं.

ऋण फिटलं.