झाकण उघडंच होतं

हेबेरकाकांचा लॅपटॉप काम करता करता मध्येच झोपायचा. आमच्या पायसांदू शहरात जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स प्रणाली चढवून देणारी मी एकटीच, त्यामुळे खापर माझ्यावर. "तुझ्या त्या फुकटच्या लिनक्सचा प्रताप आहे हा, मिर्ता," असं काका बेकरीच्या रांगेत चारचौघांसमोर म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

लॅपटॉप मी घरी आणला. रॅम बदलली, बॅटरी तपासली, पंख्यातली धूळ उडवली. काका रोज येऊन शेजारी बसत, मी त्यांना येर्बाचा कडू चहा पाजत असे, आणि ते यंत्र दिवसभर टक्क जागं. त्यांच्या घरी गेलं की पुन्हा डुलक्या. तुला घाबरतं ते, असं काका म्हणायचे आणि मी आणखीच चिडायचे.

शनिवारी त्यांच्या अनालियाचं लग्न होतं, तिकडे स्पेनमध्ये. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ मनाई केली होती. लेकीचं लग्न काकांना दिसणार होतं ते याच पडद्यावर. नवा कोट इस्त्री करून खुर्चीवर तयार होता.

त्या सकाळी मीच त्यांच्याकडे गेले. आमच्याकडे ज्याचं घर, त्यानंच चहा पाजायचा. पाहुण्यानं आपला गरम पाण्याचा थर्मास नेला तर यजमानाचा अपमान. काका काखेत थर्मास दाबून माझ्या शेजारी टेकले, लॅपटॉपवर वाकले, आणि पडदा काळा.

मी यंत्राच्या नोंदी उघडल्या. त्यात लिहिलं होतं, झाकण बंद. झाकण तर डोळ्यांसमोर सताड उघडं. काकांना लांब उभं केलं, यंत्र जागं राहिलं. जवळ बोलावलं, झोपलं.

"अगं, अंघोळ केलीय मी," काका म्हणाले.

थर्मासच्या चामडी पिशवीला लोहचुंबकाचं बटण होतं. आणि झाकण मिटल्याचं लॅपटॉपला कळतं तेही चुंबकामुळेच. माझ्या घरी काका रिकाम्या हातानं यायचे.

"थर्मास आत ठेवा, काका."

"नाही ठेवणार."

"लग्न बघायचंय ना?"

"ही पिशवी अनालियानं स्पेनला जाताना स्वतः शिवून दिलीय. आज तिला स्वयंपाकघरात टाकू?"

मला राग आला, आणि मग आला तसा विरघळलाही. मी सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली. झाकणाकडे दुर्लक्ष कर, एवढाच तिचा अर्थ.

दुपारी पडद्यावर अनालिया आली, केसांत फुलं माळलेली. बापाचा कोट तिनं पाहिलाच नाही.

"बाबा, थर्मास कुठाय?"

काकांनी तो पिशवीसकट उचलला आणि थेट लॅपटॉपला टेकवला. मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर अनालिया रडत होती, हसत होती, पण होती.

काकांनी लेकीच्या नावानं चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. लिनक्सबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.