कूलरखालची कादंबरी

मी एक जुनी, जाडजूड कादंबरी आहे. माझ्या पोटात विलायतेतल्या एका श्रीमंत घराण्याची गोष्ट आहे. त्या घरातला नवरा बायकोला दागिन्यासारखं जपतो, पण तिला काय हवं ते कधी विचारत नाही. शेवटी त्या भरल्या घरात दोघंही एकटी पडतात.

मित्रांनो, नागपूरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. ऊर्जानगरच्या शाळेत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस म्हणून मी चंचलला मिळाले. तिनं मला खाकी कव्हर घातलं आणि इतक्या वेळा वाचलं, की माझी शिवण सैल झाली. लग्न होऊन ती मूल नावाच्या गावी गेली, तेव्हा साड्यांच्या घड्यांत मीही गेले.

सासर राइस मिलवाल्यांचं. नवरा प्रफुल स्वभावानं वाईट नव्हता. चंचलला गावातल्या शाळेत शिकवायला जायचं होतं. सासूबाई वच्छलाबाई म्हणाल्या, "मिलवाल्याची सून नोकरी करून राह्यली, तर लोक काय म्हनतीन?" प्रफुल चप्पल घालून मिलवर निघून गेला.

एक दिवस चंचलनं मला त्याच्या हातात दिलं. "हे वाचून पाहा ना. मले जे सांगता येत नाई, ते यात आहे."

"मले कुठी टाइम आहे? अन् तुले काय कमी आहे इथी?" असं म्हणत त्यानं मला खिडकीत ठेवलं. उन्हाळा लागला. कूलर डगमगत होता, म्हणून त्यानं मला कूलरच्या पायाखाली सरकवलं. वरून पाणी ठिबकायचं. चंचलनं ते पाहिलं. मी ओरडू शकले असते, तर ओरडले असते!

पावसाळ्याआधी ती घर सोडून गेली. हेमलकशाच्या वाटेवरच्या एका शाळेत तिला काम मिळालं होतं.

कूलर हलवताना मी प्रफुलला सापडले. त्यानं मला गच्चीवर वाळवलं आणि रोज थोडं थोडं वाचलं. अठराव्या दिवशी मला मिटून तो बराच वेळ तोंड झाकून बसला. वच्छलाबाई हळूच म्हणाल्या, "जा बाबू, तिले घेऊन ये. माहंही चुकलंच."

मला घेऊन प्रफुल तिथं पोचला, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात चंचल मुलींना शिकवत होती.

"वाचलं मी," प्रफुल म्हणाला. "चाल ना घरी. मूलच्या शाळेत शिकव. कोनी अडवनार नाई."

चंचलचे डोळे भरून आले. "तेव्हा एक डाव विचारलं असतं, तर मी कुठीच गेली नसती. आता या पोरी माह्या भरोशावर आहेत."

"मंग मी पुन्हा येऊ?"

"नका येऊ. तुमी आले, का माहं मन इथी लागनार नाई," ती म्हणाली.

मला तिथल्या टेबलावर ठेवून तो निघाला. गाडी सुरू करूनही तो फाटकापाशी बराच वेळ थांबला होता. चंचल फळ्याकडे वळून उभी राहिली. तिच्या हातातला खडू चालत नव्हता.

आता करिश्मा नावाची मुलगी मला अडखळत वाचते. माझे बरे दिवस आले आहेत, पण त्या दोघांचे मी आणू शकले नाही, ही खंत जात नाही.

मित्रांनो, पुस्तकांना ओलीपासून जपा. आणि घरातल्या कुणी "हे वाचून पाहा" म्हटलं, तर त्याच दिवशी वाचायला घ्या. आम्ही पुस्तकं वर्षानुवर्षं वाट पाहू शकतो. माणसांना तेवढं थांबता येत नाही.