हद्द

हेस्टर बॅजलीने विलोच्या झाडाची सोललेली काठी काचेवर दोनदा आपटली.

"दार उघडा, लँगफर्डसाहेब. हद्द तुमच्या खोलीतून जाते."

आत लँगफर्ड कॉफीचा कप धरून उभे होते. लंडनहून येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. तेवढ्यात त्यांनी घरामागचं काटेरी रान साफ करून ही काचेची खोली उठवली होती. बाहेर निम्मं गाव जमलं होतं, पाद्रीबाई क्लेअर आणि दोन कुत्र्यांसह. येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी दरवर्षी थॉर्नकमची माणसं गावाच्या हद्दीवरून चालतात आणि प्रत्येक खुणेचा दगड काठीने झोडपतात. चाललं नाही तर शेजारचं मार्ले गाव एक दिवस आपल्या अंगणात येऊन बसेल, अशी त्यांची पक्की खात्री आहे.

लँगफर्डनी दार जरासं उघडलं.

"तुम्ही दरवर्षी गल्लीतून वळसा घेता म्हणे. यंदाही तसंच जा की."

"काटे होते म्हणून वळसा होता. काटे तुम्ही काढलेत. आता वळसा कशाला?"

"बाई, ही माझी राहती खोली आहे."

"राहा की! आम्ही काय मुक्कामाला आलोय?"

"आत घ्या साहेब," मागून पबवाला एल्विन ओरडला. "नाहीतर ही इथेच खुर्ची मागवेल आणि आमची बिअर बोंबलेल!"

सगळे हसले, पण हटलं कुणीच नाही. हे गाव असंच आहे. रेल्वे आली तेव्हा थॉर्नकमने तिला हाकलून लावलं. ती मार्लेतून गेली, आणि पुढे बंद पडली त्या दिवशी थॉर्नकमने चर्चच्या घंटा वाजवल्या. युद्धात लोखंड गोळा करायला सरकारी माणसं आली, तर चर्चचं फाटक गवताच्या गंजीत गडप झालं. अशा गावातही हेस्टर जरा जास्तच हट्टी समजली जाई.

चर्चच्या आवारात आता मोजक्याच कबरींची जागा उरली होती, तीही गावच्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी. त्यातली एक हेस्टरच्या दिवंगत नवऱ्याच्या, आर्थरच्या शेजारची, तिने स्वतःसाठी धरलेली. गेल्या हिवाळ्यात मार्लेहून एक मुलगी वडिलांसाठी जागा मागायला आली होती. म्हातारा जन्मला थॉर्नकममध्येच होता. क्लेअरचं मन द्रवलं, पण भर सभेत हेस्टर उठली आणि म्हणाली, "हद्दीबाहेरचा तो बाहेरचा." मुलगी आल्या पावली परत गेली.

लँगफर्डनी शेवटी दार उघडलं. चिखलाचे बूट फरशीवर आले. कोपऱ्यात हद्दीचा दगड होता, त्याच्यावर नेच्याची कुंडी.

"हलवून पाहिला," लँगफर्ड ओशाळून म्हणाले. "जागचा हलेना."

"हलेल कसा? थॉर्नकमचा आहे."

हेस्टरने कुंडी खाली ठेवली आणि दगडाला सणसणीत काठी हाणली. मग रिवाजाप्रमाणे तिने पुढचा दगड शोधायला मान वर केली. या दगडावरून त्या दगडाकडे बघायचं आणि नाकासमोर चालायचं. इतकी वर्षं झुडपांमुळे इथून काही दिसतच नव्हतं. आज काचेतून टेकडीवरचा पांढरा दगड लख्ख दिसत होता.

मध्ये तिचंच घर होतं. गल्लीचा वळसा त्या घराच्या मागून जायचा, म्हणून ते गावात धरलं जाई. सरळ रेघ मात्र तिच्या फाटकाच्या अलीकडून जात होती. घर, परसातली कोबी, कोंबड्यांचं खुराडं, सगळं पलीकडे. पलीकडे म्हणजे मार्लेत.

एकेकाच्या ते ध्यानात येत गेलं. एल्विन उगाच कुत्र्याची मान खाजवू लागला.

क्लेअर जवळ आली. "हेस्टर, गल्लीनेच जाऊ या. नेहमीसारखं."

"नेहमी दिसत नव्हतं."

"आम्ही कुणी काही पाहिलं नाही, समजा."

"मी पाहिलं ना!"

"अहो, पण आर्थरशेजारची जागा..."

हेस्टरने दगडावर हात टेकला. आर्थरपासून दूर, मार्लेच्या मातीत झोपायचं. आणि मार्लेहून आलेल्या त्या मुलीचा चेहराही तिला आठवला, नको असताना.

"हद्दीबाहेरची ती बाहेरची," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता तेवढा खणखणीत निघाला नाही.

लँगफर्ड घुटमळत पुढे आले. "बाई, मी इथे पडदा लावतो. चांगला जाड."

हेस्टरने नेच्याची कुंडी उचलून त्यांच्या हातात दिली.

"भला माणूस आहेस रे," ती म्हणाली. "पण पडदा नको. काचा पुसत जा. पुढच्या वर्षी कुणालातरी इथून बघावं लागेल."

ती समोरच्या दाराने बाहेर पडली आणि टेकडीवर नजर ठेवून चालू लागली. मागून सगळे आले. स्वतःच्या फाटकाच्या अलीकडे ती थांबली आणि तिने हद्दीच्या रेघेवर, जमिनीवरच काठी मारली. मग दुसऱ्यांदा, अधिक जोरात.

बाकी कुणाचीच काठी उठेना.

"झोडपा की!" हेस्टर वळून कडाडली. "हात मोडले का सगळ्यांचे?"